ज्यूल व्हर्नचं ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ घेताय तर अख्खं घ्या, बारकं नको

भाच्याची सातवीची परीक्षा संपली म्हणून बेळगावातल्या एका दुकानातून या कादंबरीची मराठी संक्षिप्त आवृत्ती घेतली, 60 रुपयाला, 96 पानं, कव्हरवर होडीला विळखा घातलेला ऑक्टोपस. पोरानं नंदगडला पोचेपर्यंत बसमध्येच अर्धं वाचून काढलं आणि त्यातल्या पाणबुडीच्या कप्तानाबद्दल विचारलं, मामा, हा नेमो एवढा चिडलेला का असतोय, त्याला कुणी काय केलंय? आणि त्या 96 पानांत याचं उत्तरच नाही.

मग माझ्याकडचं पूर्ण इंग्रजी भाषांतर काढलं आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर त्याला मराठीत सांगत बसलो, महिनाभर चाललं ते.

पहिलं म्हणजे नावाचाच घोळ, 20,000 लीग म्हणजे पाण्याची खोली नव्हे बरं का, समुद्राखालून केलेला प्रवास. एक लीग 4 किलोमीटर धरली तर 80,000 किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या. प्राध्यापक अ‍ॅरोनॅक्स, त्याचा नोकर कॉन्से आणि हार्पून (देवमासे मारायचा भाला) मारणारा कॅनडाचा नेड लँड हे तिघं नॉटिलसवर अडकतात, ती पाणबुडी 70 मीटर लांब, आत 12,000 पुस्तकांची लायब्ररी, आणि सगळी विजेवर चालणारी. हे 1869-70 मध्ये फ्रेंच मासिकात क्रमशः छापून आलंय, आपल्याकडं तेव्हा घराघरात तेलाचे दिवे! व्हर्ननं यातला काही भाग स्वतःच्या सेंट मिशेल नावाच्या होडीवर बसून लिहिला, म्हणून पाण्याची वर्णनं अशी अंगावर येतात. दक्षिण ध्रुवाकडं पाणबुडी बर्फात अडकते, हवा संपत येते आणि उरलेली हवा नेड आणि कॉन्से आपल्या प्राध्यापकाला देतात, ते सांगताना माझाच आवाज अडकला.

पण खरा जीव आहे तो सिलोनच्या, म्हणजे आत्ताच्या श्रीलंकेच्या प्रकरणात. मोती काढायला बुडी मारलेल्या एका गरीब भारतीय माणसावर शार्क येतो आणि नेमो नुसता सुरा घेऊन मधे पडतो, नेमोच खाली सापडतो तेव्हा नेड हार्पून मारून शार्कला संपवतो. मग नेमो त्या माणसाला वर नेऊन शुद्धीवर आणतो, हातात मोत्यांची थैली देतो, आणि नंतर म्हणतो की हा माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे, मीपण शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. बारक्या पुस्तकात हे प्रकरण पूर्ण उडवलंय! शार्क नाही, मोती नाही, काहीच नाही. ऑक्टोपसची मारामारी मात्र बारा पानं.

(पुढचा भाग माहीत नको असेल तर हा पॅरा सोडा.) व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलंडचा होता, रशियावर सूड घेणारा, पण प्रकाशक हेत्झेलला ते चालेना, म्हणून या पुस्तकात त्याचा देश सांगितलेलाच नाही. तो पुढं व्हर्नच्याच ‘मिस्टिरिअस आयलंड’ कादंबरीत कळतो. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा प्रिन्स डक्कार, टिपू सुलतानाचा पुतण्या, 1857 ला इंग्रजांशी लढलेला. हे सांगितलं तर भाचा एकदम उठूनच बसला, संगोळी रायण्णासारखा काय मामा? कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या रायण्णाला 1831 मध्ये त्यांनी नंदगडातच फाशी दिली, तिथली समाधी हा पोरगा लहानपणापासून बघत आलाय, त्याला नेमो समजवायला मला आणखी काय बोलावं लागलंच नाही.

पूर्ण पुस्तकात कंटाळा येणाऱ्या जागा आहेत, कॉन्से माशांच्या जाती-पोटजाती सांगत सुटतो ती पानं मी सरळ उलटली, तुम्हीपण उलटा, कथेचं काय बिघडत नाही. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या बऱ्याच कादंबऱ्या आणल्यात, त्यांचं नाव दिसलं तर तेपण हातात घेऊन बघा. इंग्रजी घेणार असाल तर 1870च्या दशकातलं मर्सिएचं भाषांतर टाळा, त्यातपण बराच मजकूर गाळलेला आहे.

पूर्ण पुस्तकाला पाचपैकी साडेचार, बारक्याला दोन, तेपण पोराला गोडी लागली म्हणून. दुकानात उभं राहूनच चाळा, सिलोनच्या मोत्यांचं प्रकरण सापडलं तर घ्या, नसेल तर परत ठेवून द्या.