पावतीवर ‘टिश्यू प्रिझर्व्हिंग’, ऑपरेशन नोटमध्ये ‘चरबी काढली’: पापण्यांच्या शस्त्रक्रियेतली एक फसवणूक

पुण्यातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकची पावती आहे. त्यावर छापलंय: ‘टिश्यू प्रिझर्व्हिंग लोअर ब्लेफरोप्लास्टी, दोन्ही डोळे, रु. १,६५,०००’. म्हणजे चरबी राखून केलेली खालच्या पापणीची शस्त्रक्रिया. त्याच पेशंटची ऑपरेशन नोट जेमतेम चार ओळींची. पापणीच्या आतून छेद, तिन्ही कप्प्यांतली चरबी काढली, कॉटरीने (विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करून) रक्तस्राव थांबवला, टाके नाहीत. पावतीवर जे ऑपरेशन विकलं आणि नोटमध्ये जे केलं म्हणून लिहिलं, ती दोन निराळी ऑपरेशनं आहेत. या बाई बावन्न वर्षांच्या, सहकारनगरला राहणाऱ्या. डोळ्यांखालच्या पिशव्या घालवायला गेल्या होत्या. आज पिशव्या नाहीत, पण डोळ्यांखाली दोन खळगे पडलेत आणि भेटेल तो विचारतो, “बरं नाही का? डोळे किती खोल गेलेत.” त्यांच्या परवानगीने, ओळख कळणार नाही असं पाहून हे लिहिलं आहे.

फसवणूक नेमकी कुठे झाली हे कळायला पापणीच्या आत काय असतं ते आधी पाहावं लागेल. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. खालच्या पापणीमागे ही चरबी तीन कप्प्यांत असते: नाकाकडचा, मधला आणि कानाकडचा. कास्तान्यारेस यांनी १९५१ मध्ये या कप्प्यांचं नीट वर्णन केलं आणि पुढची काही दशकं जगभर एकच रीत चालली. चरबीपुढचा पातळ पडदा उघडायचा, फुगून पुढे आलेली चरबी चिमट्यात धरायची, कापायची, कॉटरी करायची. पहिलं वर्षभर चेहरा छान दिसे. पण वयाबरोबर गालाचा उभार ओसरतो, खोबणीची हाडाची कड उघडी पडू लागते, आणि तिथे भरायला चरबी उरलेली नसते. काढलेली चरबी परत येत नाही.

म्हणून विचार बदलला. ब्राझीलच्या लोएब यांनी १९८१ मध्ये नाकाकडची चरबी कापून न टाकता शेजारच्या खळगीत सरकवण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतल्या हॅम्रा यांनी १९९५ मध्ये खोबणीच्या कडेवरचं ‘आर्कस मार्जिनॅलिस’, म्हणजे तो पडदा हाडाला जिथे चिकटतो ती रेषा, सोडवून चरबी राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि गोल्डबर्ग यांनी २००० मध्ये हेच काम पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता कसं करता येतं ते दाखवलं. आज ‘टिश्यू प्रिझर्व्हिंग’ म्हणतात ते या वाटेने आलेलं आहे. हा काही कुणा क्लिनिकचा ब्रँड नव्हे, त्याला खास लेसर लागत नाही की परदेशी मशीन लागत नाही. सर्जन काय कापतो, काय जागेवर ठेवतो आणि काय हलवतो, एवढाच तो प्रश्न आहे.

खालच्या पापणीत हे खरोखर केलं तर पायऱ्या अशा असतात. आतून छेद घेऊन सर्जन हाडाच्या कडेपर्यंत जातो. आर्कस मार्जिनॅलिस सोडवतो, गालाच्या बाजूला कडेखाली साधारण ८ ते १० मिलिमीटरचा खिसा तयार करतो. चरबीचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून ती या खिशात पसरवतो आणि टाक्याने तिथे धरून ठेवतो. हा टाका आत विरघळणारा असतो, नाहीतर गालाच्या कातडीतून बाहेर काढून तिथे बांधलेला असतो आणि काही दिवसांनी काढतात. कुठे थोडी जास्तीची चरबी छाटावी लागली तर तीही छाटतात, पण बेताने. डोळा मिटणारा ऑर्बिक्युलॅरिस स्नायू अखंड ठेवतात. कातडी सैल असली तर पापणीच्या केसांखालून चिमटीत येईल तेवढीच, बहुधा २ ते ३ मिलिमीटर, काढतात.

आता ती चार ओळींची नोट पुन्हा वाचा. आर्कस मार्जिनॅलिसचा उल्लेख नाही, खिसा नाही, टाका नाही. चरबी हलवली तर ती धरून ठेवायला काहीतरी लागतंच, म्हणून ‘टाके नाहीत’ हा त्या नोटमधला सगळ्यात बोलका शब्द आहे. वेळही बघा. दोन्ही डोळे मिळून पस्तीस मिनिटांत बाई बाहेर आल्या. चरबी हलवून बसवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. शिवाय असं ऑपरेशन झालेल्या पेशंटला गालाच्या वरच्या कडेवर सूज आणि काही आठवडे हाताला लागणारा कडकपणा असतो. बाईंना तिथे काहीच झालं नाही, आणि क्लिनिकने तेच ‘बघा किती लवकर भरलं’ म्हणून सांगितलं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. चरबी काढणं म्हणजे गुन्हा नाही. तिशीतल्या माणसाला आनुवंशिक फुगवटा असेल, गाल भरलेले असतील, पापणी आणि गालामध्ये खळगी नसेल, तर आतून थोडी चरबी काढणं हेच योग्य ऑपरेशन ठरू शकतं, आणि ते स्वस्तही पडतं. गालाचं हाड मागे असलेल्या, खळगी खोल असलेल्या बावन्न वर्षांच्या बाईंची तिन्ही कप्प्यांतली चरबी काढणं चुकीचं होतं. आणि वरून ‘राखली’ म्हणून जास्तीचे पैसे घेणं ही उघड फसवणूक होती.

वरच्या पापणीतही हाच प्रकार चालतो. तिथे चरबीचे कप्पे दोनच: नाकाकडचा फिकट, पांढुरका आणि मधला पिवळा. कानाकडे जे दिसतं ती अश्रुग्रंथी असते. तुमच्या नोटमध्ये वरच्या पापणीतून ‘तिन्ही कप्पे’ काढल्याचं लिहिलं असेल तर तो कागद घेऊन त्याच आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. मधली पिवळी चरबी जास्त काढली की भिवईखाली उलट्या व्ही-सारखी खोल घडी पडते आणि चेहरा कायमचा थकलेला दिसतो. कातडीचं गणित तर मोजपट्टीचं आहे. भिवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत किमान २० मिलिमीटर कातडी मागे राहिली पाहिजे. त्याहून कमी राहिली तर डोळा पूर्ण मिटत नाही, झोपेत बुबुळ उघडं राहतं, कोरडं पडतं, त्यावर जखम होऊ शकते. ही खूण बसलेल्या पेशंटवर पेनने, भूल देण्याआधी करतात. आडवं झोपवल्यावर आणि इंजेक्शनने पापणी फुगल्यावर केलेली खूण चुकते.

बाईंची ही मापं झालीच नव्हती. केसपेपरवर एकही आकडा नाही. खालची पापणी पुढे ओढून ती डोळ्यापासून किती सुटते ते पाहतात. ६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर ढिली समजून कोपऱ्याला आधाराचा टाका द्यावा लागतो. खाली ओढून सोडली की न मिचकावता जागेवर बसते का, हेही बघतात. ढिल्या पापणीवर आधार न देता ऑपरेशन केलं तर ती खाली ओघळते आणि बुबुळाखाली पांढरं दिसू लागतं. वरच्या पापणीत बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात, ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. ते २ असेल तर दोष बहुधा पापणी उचलणाऱ्या स्नायूत असतो, आणि नुसती कातडी काढून डोळा उघडत नाही. भिवईच खाली उतरलेली असेल तर कातडी काढल्यावर ती आणखी खाली ओढली जाते. डोळ्यांचा कोरडेपणा, थायरॉईडचा आजार, लेसिक, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे विचारलंच पाहिजे. थायरॉईडमुळे डोळे पुढे आले असतील तर आजार किमान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय पापणीला हात लावत नाहीत. बाई ॲस्पिरिन घेतात. कुणी विचारलं नाही.

विक्री झाली ती फोटोंवर. ‘आधी’चा फोटो छतावरच्या दिव्याखाली, हनुवटी किंचित खाली, त्यामुळे प्रत्येक पिशवीची सावली पडलेली. ‘नंतर’चा फोटो समोरून गोल दिव्याने, हनुवटी वर, ओठांवर हसू. एवढ्याने ऑपरेशन न करताही पिशव्या निम्म्या होतात. खरे फोटो एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात, चेहरा निर्विकार ठेवून, समोरून आणि बाजूने काढलेले असतात आणि त्यावर ‘किती महिन्यांनी’ हे लिहिलेलं असतं. तीन आठवड्यांचा फोटो काहीच सांगत नाही, तोवर खळगे सुजेनेच भरलेले असतात. सहा महिन्यांचा मागा.

तपासणी डॉक्टरांनी नाही, काउन्सेलरने केली. ‘आजच्या आज बुक केलं तर तीस हजार कमी’ असं सांगून तिथेच फोनवर हप्त्यांचं कर्ज मंजूर करून घेतलं. अशा कर्जात पैसे थेट क्लिनिकला जातात आणि हप्ते तुमच्या खात्यातून सुरू होतात. मन बदललं तरी, रीतसर रद्द करेपर्यंत कर्ज तुमच्याच नावावर. शिवाय ‘काळी वर्तुळंही जातील’ हे आश्वासन. आपल्याकडे डोळ्यांभोवतीचा काळेपणा पुष्कळदा कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो, आणि चरबी हलवा नाहीतर काढा, रंग तसाच राहतो. सावलीमुळे दिसणारा काळेपणा तेवढा कमी होतो. आरशासमोर खालची कातडी हलकेच ताणा आणि टॉर्चचा उजेड समोरून टाका: काळेपणा विरला तर तो सावलीचा, तसाच राहिला तर रंगाचा.

तीन महिन्यांनी खळगे दिसू लागले तेव्हा याच क्लिनिकने फिलर सुचवलं, वेगळ्या पैशांत. म्हणजे शरीराची स्वतःची चरबी पैसे घेऊन काढली आणि तिची जागा भरायला बाजारातलं जेल पैसे घेऊनच देऊ केलं. या घटनेतली सर्वात संतापजनक गोष्ट आम्हाला हीच वाटते. डोळ्याखालचं फिलर क्षुल्लक नसतं. कातडी इथे इतकी पातळ असते की जेल वर राहिलं तर निळसर दिसतं, आणि सुई रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज त्याच खोलीत हवं. घ्यायचंच असेल तर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या.

क्लिनिक संध्याकाळी सातला बंद होतं हे बाईंना ऑपरेशनच्या रात्री कळलं, डोळा दुखायला लागल्यावर. सुदैवाने ती साधी सूज निघाली. पण डोळ्यामागे रक्तस्राव होणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वात भयंकर गुंतागुंत आहे. ती दोन हजारांत एखाद्यालाच होते, बहुधा पहिल्या चोवीस तासांत. अचानक वाढणारी वेदना, टणक होत पुढे येणारा डोळा, अंधुक दिसणं, दोन दोन दिसणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब सोडवावा लागतो आणि त्यासाठी हातात तास-दीड तासच असतो. रात्री फोन कोण उचलणार आणि कोणत्या हॉस्पिटलला जायचं, हे ऑपरेशनच्या आधी लिहून घ्या. क्लिनिकचा फोन लागला नाही तर जवळचं मोठं रुग्णालय किंवा पुण्यातल्या ससून रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना, काउन्सेलरला नव्हे, विचारायचं ते असं: माझ्या कोणत्या कप्प्यातली चरबी तुम्ही हलवणार, कोणत्यातली काढणार, ती कशाने धरून ठेवणार, कोपऱ्याला आधार देणार का? उत्तर संमतीपत्रावर मराठीत लिहून मागा. ज्यांना हे काम येतं ते दोन मिनिटांत रेखाटून दाखवतात. सर्जन नेत्रतज्ज्ञ असेल तर ऑक्युलोप्लास्टीचं (पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रियेचं) वेगळं प्रशिक्षण, प्लास्टिक सर्जन असेल तर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी पाहा. ‘कॉस्मेटॉलॉजी डिप्लोमा’ ही सर्जनची पदवी नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि हॉस्पिटल म्हणून नोंद असलेल्या जागेचा दाखला महापालिकेच्या आरोग्य विभागाचा असतो.

‘रोख द्या, जीएसटी वाचेल’ याला हो म्हणू नका. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी सूट नाही. पावती नसली की ग्राहक म्हणून तुमच्या हातात पुरावाच राहत नाही. ‘दिसायला त्रास होतो असं दाखवून विम्यात बसवू’ हेही नको. पापणी खरोखर बाहुलीवर येत असेल तर दृष्टिक्षेत्राची चाचणी ते दाखवते. खोटा दावा केला तर पॉलिसीच धोक्यात येते.

अशी फसवणूक झालीच असेल तर पहिलं काम कागद मिळवणं. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार ७२ तासांत रेकॉर्डची प्रत द्यावी लागते. ‘वर्षभर थांबा, बसेल’ या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे, कारण दुरुस्तीसाठी सहा महिने खरोखरच थांबावं लागतं. पण ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. थांबा, पण दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढून तारखेसह ठेवा.

बाईंना त्यांचे कागद अर्जानंतर तिसऱ्या दिवशी मिळाले, चार ओळींची ती नोट त्यांतच होती. दुसऱ्या सर्जनने पोटाची चरबी थोडी थोडी भरण्याचा पर्याय सांगितला आहे. प्रत्येक बाजूला एखाद-दोन मिलिलीटर, त्यातली काही टिकेल, काही विरून जाईल, गुठळी राहण्याचा धोका आहे, आणि पूर्वीसारखं होईल असं त्यांनी म्हटलेलं नाही. पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातल्या तक्रारीला दोनच मुख्य कागद जोडले आहेत: पावती आणि ऑपरेशन नोट.