स्पारिंगची भीती आणि दमछाक : बेळगावच्या टिळकवाडीतल्या बॉक्सिंगच्या संध्याकाळच्या बॅचबद्दल

बॅगवर हात सुरेख चालतो, पॅडवर सर शाबासकी देतात, पण समोर जिवंत माणूस उभा राहिला की दुसऱ्या मिनिटाला धाप लागते आणि ठोसा येताना डोळे मिटतात. असं होणाऱ्यांनी ही सहा आठवड्यांची बॅच जरूर करावी. बॉक्सिंगच्या क्लासमध्ये बॅग, पॅड, दोरी सगळं शिकवतात. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी प्रत्यक्ष खेळायचा सराव, मात्र पुष्कळदा शिकवायची गोष्ट मानलीच जात नाही. दोन-तीन महिने झाले की ग्लोव्ह्ज चढवून ‘जा, खेळ’ म्हणून आत सोडायचं, आणि मार खाऊन जो टिकेल तो आपला. अशाने चांगल्या हाताची मुलं कायमची धसका घेऊन घरी बसतात. इथे स्पारिंग पायरी-पायरीने शिकवतात, म्हणून हा क्लास वेगळा.

भीती आणि दम हे दोन प्रश्न इथे वेगळे धरत नाहीत, आणि ते अगदी बरोबर आहे. मार बसणार या कल्पनेनेच अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि फेरीची बेल वाजायच्या आधीच छाती धडधडू लागते. खांदे कानापर्यंत चढतात, मूठ आवळली जाते, श्वास कोंडतो. आवळलेला स्नायू ठोसा न मारताही सतत काम करत असतो, त्यामुळे खांदे भरून येतात. त्यात घाबरलेला माणूस पहिल्या चाळीस सेकंदांत प्रत्येक ठोसा पूर्ण ताकदीने मारतो. उरलेली दोन मिनिटं हात खाली, गार्ड (चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांची आड) उघडा, मार जास्त, म्हणून भीती आणखी जास्त. मारणाराच आधी कसा संपतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण १९७४ सालचं, किन्शासातलं. जॉर्ज फोरमन जोर लावून मारत राहिला, मुहम्मद अली रिंगच्या दोरांना टेकून गार्डमागे थांबला, आणि आठव्या फेरीत दमलेला फोरमन खाली गेला. दोरांना टेकणं नवशिक्याने मुळीच करू नये, पण जोराची किंमत काय असते ते त्यातून कळतं.

आपल्या भागातली पुष्कळ मुलं फौजेच्या भरतीसाठी पहाटे धावणारी. खानापूरकडून येणारा पोरगा १६०० मीटर झोकात मारतो आणि स्पारिंगच्या पहिल्याच फेरीत तोंड उघडं टाकतो. त्याला वाटतं स्टॅमिना कमी, म्हणून तो आणखी धावतो. धावणं चांगलंच, पण फेरीतला दम चढउतारांचा असतो : पाच सेकंद जोर, दहा सेकंद हालचाल, पुन्हा जोर. तालमीतून आलेल्यांची अडचण निराळी. कुस्तीत पकड आवळून धरायची सवय असते. इथे मूठ ठोसा लागायच्या क्षणीच आवळायची, बाकी वेळ ग्लोव्ह्जमध्ये बोटं सैल. सर हे फेरी थांबवून, हात धरून तपासतात. हात जड लागला तर खांदे झटकायला लावतात आणि मगच पुढे जाऊ देतात.

पहिल्या आठवड्यात ठोसा लागतच नाही. दोघं समोरासमोर, एक पाऊल बाहेर, फक्त अंतर ओळखायचं. दुसऱ्या आठवड्यापासून या बॅचचं खरं सोनं सुरू होतं. जोडीदार तीस टक्के वेगाने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकतो आणि दुसऱ्याने तो मागच्या हाताच्या तळव्यात झेलायचा. तळवा गालापासून चार बोटं पुढे, हनुवटी खाली, नजर समोरच्याच्या गळ्याच्या हाडांवर. ग्लोव्ह्जकडे पाहिलं की प्रत्येक फसवी हालचाल खरी वाटते. छातीच्या वरच्या भागाकडे पाहिलं की दोन्ही खांदे एकदम दिसतात आणि ठोसा निघताना आधी खांदाच हलतो. प्रत्येक झेलीबरोबर श्वास बाहेर सोडायचा. डोळे मिटणं ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, ओरडून ती जात नाही. संथ ठोसे शेकडो वेळा पाहिल्यावर ती कमी होते, आणि तोवर हनुवटी खाली ठेवली तर मिटलेल्या डोळ्यांनीही मोठं नुकसान होत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जॅब झेलायला हात पुढे नेणं. जॅब झेलला जातो, पण गाल उघडा पडतो आणि पुढे जोडीदार हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारू लागला की तो तिथेच बसतो.

मग फक्त जॅब विरुद्ध जॅब, मग एकाने मारायचं आणि दुसऱ्याने फक्त वाचवायचं, मग फक्त अंगावर, डोक्याला हात नाही. नियम जितका अरुंद, तितकं डोकं शांत. चार गोष्टी येऊ शकतात हे ठाऊक असलं की पाचवीची धास्ती राहत नाही. मोकळं स्पारिंग पाचव्या आठवड्यात येतं, तेही दोन मिनिटांच्या फेऱ्यांनी. स्पर्धेतल्या तीन मिनिटांवर शेवटच्या आठवड्यात नेतात.

जोर किती लावायचा याबाबत सर कडक आहेत, आणि ते बरं आहे. आपण मारलेला ठोसा आपल्याला हलकाच वाटतो, आलेला मात्र जड. म्हणून दोघंही मनापासून ‘हळूच मारला’ म्हणत असतात आणि मिनिटाभरात भांडण पेटतं. इथे जोर चढला की लगेच ‘टाइम’. दोघांनी ग्लोव्ह्ज टेकवायचे आणि पुन्हा तीस टक्क्यांवर यायचं. दुसऱ्यांदा झालं तर त्या दिवसापुरतं स्पारिंग बंद, मग तो कितीही जुना विद्यार्थी असो.

श्वासावर इतकं काम क्वचितच पाहायला मिळतं. प्रत्येक ठोशाला दातांतून ‘स्स’ असा छोटा उच्छ्वास, मार झेलतानाही तोच. मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही, त्यामुळे रिंगच्या बाहेरून ‘श्वास सोड’, ‘उसिरु बिडु’ अशी दोन्ही भाषांत हाळी चालू असते. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटाची शिस्त तर लिहून घ्यावी अशी : गमशील्ड (दातांवर बसवायचं कवच) बाहेर, पहिली वीस सेकंद कुणीही काही बोलायचं नाही, तीन-चार आकड्यांत नाकाने श्वास आत आणि सहा-सात आकड्यांत बाहेर. मग पाण्याचा एक घोट. मग एकच सूचना, जशी ‘मारलं की डावीकडे निघ’. कोपऱ्यात उभे असलेले तीन मित्र तीन गोष्टी सांगतात तेव्हा मुलाच्या डोक्यात एकही राहत नाही.

दम वाढवायला बॅगवर तीन मिनिटांच्या फेऱ्या असतात : चाळीस सेकंद हलका जॅब आणि पाय, वीस सेकंद सत्तर टक्के जोराने ठोशांच्या जोड्या, असं तीनदा. अशा चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. जोराच्या वीस सेकंदांनंतर हात कंबरेवर न ठेवता गार्डमध्येच राहून श्वास पूर्ववत आणणं, हीच यातली शिकण्याची गोष्ट. स्पारिंग आठवड्यातून दोनदाच, लागोपाठच्या दिवशी नाही.

सामानाबद्दल थोडं. स्पारिंगला १६ औंसांचेच ग्लोव्ह्ज, एक साधारण ४५० ग्रॅमचा. स्पर्धेचे १० किंवा १२ औंसांचे इथे चालत नाहीत. हाताची पट्टी साडेचार मीटरची. गमशील्ड स्वतःचं हवं आणि नीट बसवलेलं हवं. पाकिटावर लिहिलं असेल तितकेच सेकंद गरम पाण्यात, मग दातांवर घट्ट दाबून आतून हवा ओढायची. तोंड उघडलं की ते गळून पडत असेल तर मुलगा ते धरून ठेवायला जबडा आवळतो, तोंडाने श्वास घेता येत नाही आणि जीव घाबरा होतो. ‘मला स्पारिंगमध्ये गुदमरतं’ म्हणणाऱ्यांनी आधी गमशील्ड तपासावं. हेडगार्डने चेहरा फुटणं, खरचटणं वाचतं. मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ स्पर्धांतून २०१३ मध्ये तो काढूनच टाकला गेला. तरीही सरावात घालावा, फक्त त्याच्या भरवशावर डोकं पुढे करू नये.

आता उणिवा. क्लासचे हेडगार्ड दोनच मापांचे आहेत. बारीक चेहऱ्याच्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, डोळ्यांवर ते सरकतात आणि बाजूने येणारा हात दिसत नाही. भीती घालवायच्या बॅचमध्ये हे चालायला नको. बेळगावच्या पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत, वास येतो, त्वचेचे विकार पसरायचाही धोका असतो. जमेल त्याने स्वतःचा आणावा आणि घरी गेल्यावर त्यात, तसंच ग्लोव्ह्जमध्येही, वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवावा. घड्याळ मागच्या भिंतीवर आहे आणि शेवटच्या दहा सेकंदांची टकटक त्यात नाही, म्हणून दमलेला मुलगा मान वळवून वेळ बघतो आणि नेमका तेव्हाच ठोसा खातो. सर्वांत गंभीर गोष्ट शनिवारची. त्या दिवशी इतर बॅचची मुलं येतात आणि वजन न करता जोड्या लागतात. साठ किलोच्या नवख्यासमोर पंचाहत्तर किलोचा उभा करणं म्हणजे पाच दिवसांची मेहनत एका फेरीत घालवणं. एक वजनकाटा आणि दाराशी एक वही, एवढ्याने हे सुटेल.

डोक्याला जोराचा बसला, गरगरलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी परत आत घेत नाहीत. हा नियम पाळला जातो. पण परत कधी यायचं हे ठरलेलं नाही; मुलगा ‘बरं वाटतंय’ म्हणाला की पुरे. डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची करावी, आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही आधी दोरी, मग बॅग, मग पॅड, शेवटी स्पारिंग असा क्रम ठेवावा.

तीन महिन्यांचा पायाभूत सराव नसेल तर थांबा. दमा, रक्तदाब असेल तर आधी सरांना सांगा, पंप बॅगेत ठेवा. रिंगच्या बाहेरही जीव घाबरत असेल, झोप उडत असेल, तर त्यावर डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. ते काम बॉक्सिंगच्या सरांचं नाही. संध्याकाळी सहाची बॅच असते, तेव्हा जेवण दुपारी तीनच्या आत, नंतर फार तर एक केळं, आणि मिरची-भजी घरी परतल्यावर. तिसऱ्या रेल्वे गेटकडून येणाऱ्यांनी गर्दीचा हिशेब धरून लवकर निघावं. पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप बुडला तर थंड अंगाने पहिल्याच फेरीत धाप लागते, म्हणून उशिरा येणाऱ्याला सर त्या दिवशी पॅडवरच ठेवतात.