खिचनच्या कुरजा: तिथे मुक्काम करा, जाता जाता उरकू नका

डिसेंबरात आईबाबांना घेऊन राजस्थानात खिचनला जाऊन आलो, करकोचे बघायला. ग्रुपवर बरेच जण विचारत होते म्हणून सविस्तर लिहितोय. आपण ज्याला कांड्या करकोचा म्हणतो तोच पक्षी, तिकडे कुरजा म्हणतात. मंगोलिया, कझाकस्तानकडून हिवाळ्यासाठी येतात, सप्टेंबर ते मार्च असतात. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर, तिथून टॅक्सीने फलोदी, आणि फलोदीपासून खिचन चार-पाच किलोमीटरच आहे.

आधी तक्रार सांगतो. टॅक्सीवाल्याने पॅकेजमध्ये खिचन म्हणजे जैसलमेरला जाताना अर्ध्या तासाचा हॉल्ट असं धरलेलं, आणि आम्हाला नेऊन सोडलं दुपारी साडेबाराला. चुग्गाघरात, म्हणजे गावाने पक्ष्यांना दाणे टाकायला कुंपण घालून राखलेल्या जागेत, एक पक्षी नाही, नुसती पिसं आणि पायांचे ठसे. आईचा चेहरा एवढासा झाला. शेजारच्या घरातल्या एक काकी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आत्ता इथे कशाला येतील, तळ्यावर जा. गेलो तर काठ पूर्ण करडा दिसत होता, जवळ गेल्यावर कळलं की ते सगळे पक्षी आहेत, चोच बुडवायची, मान वर करून पाणी घशाखाली सोडायचं, परत बुडवायची, असं शेकडो माना एकामागून एक वरखाली.

तिथेच ठरवलं की जैसलमेर गेलं उडत, दोन रात्री इथेच राहायचं. गावातल्या एका घरात खोली मिळाली, साधीच पण स्वच्छ, जेवायला बाजरीची भाकरी, केर-सांगरीची तिकडची भाजी, वर तुपाची धार. होस्ट माणूस फार चांगला, पहाटे सहाला चहा देऊन स्वतः चुग्गाघराला लागून असलेल्या गच्चीवर घेऊन गेला.

आणि ती सकाळ, काय सांगू. आधी लांबून नुसता आवाज, कुर्र कुर्र, मग सूर्य वर आला तसे थवे येऊन डोक्यावरून घिरट्या घालायला लागले पण उतरेनात, एकही नाही, बराच वेळ. मग चार-पाच खाली आले आणि त्यांच्या मागे सगळं आभाळच उतरलं. गच्चीवरून इतके जवळ दिसतात की दुर्बीण न लावताही लाल डोळा आणि डोळ्यामागचा पांढरा तुरा दिसतो, छातीवरची काळी पिसं लोंबत असतात. करकोच्यांमध्ये हा सगळ्यात लहान, जेमतेम तीन फुटांचा, आणि हा हिमालय ओलांडून येतो! बाबा तासभर एक शब्द बोलले नाहीत.

हे सगळं गावाने उभं केलंय हे महत्त्वाचं. 1970च्या दशकापासून इथली माणसं, मुख्यतः जैन मंडळी, दाणे टाकतायत. 2025 मध्ये खिचनला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. आमच्याकडे कुणी तिकीट मागितलं नाही, पण दाण्यासाठी देणगी नक्की द्या, रोज पोत्यांनी ज्वारी लागते. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, विजेच्या तारा. तारांना धडकून कुरजा मरतात, आम्हालाही शेताच्या कडेला एक पडलेली दिसली, मान मुडपलेली. आई तिच्यापाशी बराच वेळ उभी होती.

बाकी, पहाटे थंडी कडक असते, स्वेटर-कानटोपी घ्या, भडक कपडे नकोत, गच्चीवर मोठ्याने बोलू नका आणि ड्रोन तर अजिबात नको. एका सकाळीत भागत नाही, पहिल्या दिवशी नुसतं बघत बसता, दुसऱ्या दिवशी कोण कुणाला हुसकावतंय, कोण पिल्लाला जवळ घेऊन खातंय ते दिसायला लागतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. आता फेब्रुवारीअखेर परत जायचंय, त्या परतीला निघायच्या आत, आणि या वेळी टॅक्सी नाही, जोधपूरहून रेल्वेने थेट फलोदी.