अलॉय घेताय? मधलं भोक मोजून घ्या

माझ्या स्विफ्टला अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, बसवताना मला पद्धतशीर टोपी घातली गेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण पद्धत लिहितो, कारण ओळखीतल्या इतरांकडूनही हेच ऐकलं.

दुकानदाराचं सगळं बोलणं इंचांवर. "१४ चं १६ करू दादा, गाडी उठून दिसेल. चार होल, शंभर पीसीडी, डोळे झाकून बसतं." पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, खरंच जुळत होता, स्विफ्टचा ४ बाय १०० च (चार भोकं, १०० मिमी) आहे. एक आकडा खरा सांगायचा आणि बाकीच्यांबद्दल तोंड उघडायचं नाही, मेख तिथेच आहे.

हब म्हणजे गाडीकडचा मधला गोल भाग, ज्यावर चाक बसतं. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी. मला दिलेल्या रिमचं मधलं भोक ७३.१. एकच रिम अनेक गाड्यांना चालावा म्हणून भोक मोठं ठेवतात आणि उरलेली फट हब रिंग घालून भरतात. ती स्वस्तातली रिंगच यांनी घातली नव्हती! चाक नुसतं नटांच्या भरवशावर. एक्स्प्रेस वेवर ८० च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. तक्रार केली की "बॅलन्सिंग करून देतो", वर त्याचेही पैसे. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूच्या आकाराचा तुकडा लावून बरोबर मध्यभागी धरलं जातं, त्यामुळे तिथे असमतोलाचा आकडा शून्यच येणार. गाडीवर मात्र फटीमुळे चाक मध्यापासून सरकलेलंच. थरथर काही जाणार नाही.

टायर २०५/५५ आर १६ (रुंदी मिमीमध्ये, कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची). हा मोठ्या सेडानचा साइझ, दुकानात पडून असलेला. माझ्या मूळ १६५/८० आर १४ ची उंची साधारण ६२० मिमी. १६ इंचात तेवढी उंची हवी तर १९५/५५ लागतो, २०५/५५ तर ६३२ पर्यंत जातो. त्यात रिमच्या आत 'ईटी ३५' कोरलेलं, म्हणजे ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा) कंपनीच्या रिमपेक्षा कमी आणि चाक तेवढं बाहेर. मागे तिघं बसली आणि स्पीडब्रेकर आला की टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. जळक्या रबराचा वास गाडीत.

पण खरा संताप आला तो तारखेवर. टायरच्या कडेवर 'डॉट' (DOT) या अक्षरांपुढे एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख, आधी आठवडा, मग वर्ष. माझ्या टायरच्या बाहेरच्या बाजूला ते नव्हतेच. पूर्ण कोड बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू यांनी चारही चाकांना आत घातली होती. चटई टाकून गाडीखाली शिरलो, मोबाइलचा टॉर्च मारला: ३११९. ऑगस्ट २०१९ चा माल, २०२३ मध्ये नवा म्हणून विकलेला. वर काळं पॉलिश, चकाचक.

बिल? चिठ्ठीवर 'अलॉय सेट' एवढंच. माझे जुने रिम दुकानदाराने किमतीत 'वळते' करून घेतले होते, ते त्याच संध्याकाळी विकले गेले म्हणे. म्हणून जुने रिम लांबचा प्रवास होईपर्यंत घरीच ठेवा, आणि बिलावर टायरचा साइझ, तारीख, ऑफसेट, हब रिंग हे सगळं लिहून घ्या. लिहायला कां-कूं केलं तर तिथून निघा. पैसे देण्याआधी एक चाक चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मागे माणसं बसवून बघा.

"लावलेला माल परत नाही" हे उत्तर मलाही मिळालं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर सूर बदलला. टायर १९५/५५ चे, ताज्या तारखेचे मिळाले. रिंगा मी स्वतः आणून बसवल्या. थरथर गेली. जुन्या रिमचे पैसे अजून यायचेत.