केनियाची मिशन ट्रिप: पैसे भरण्याआधी हे वाचा

नवापूर, विसरवाडी, साक्री भागातल्या नर्सिंग झालेल्या मुलींना सध्या परदेशातल्या सेवेची आमंत्रणं येताहेत. अशाच एका आमंत्रणावर मी केनियात जाऊन आले. माझे पैसे परत मिळतील असं आता वाटत नाही, पण तुमचे अजून तुमच्याकडेच आहेत, म्हणून लिहिते.

आमच्या भागाने मिशनचं काम जवळून पाहिलंय. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना कुणाला माहीत नाही? लांबच्या मुलखातून येऊन पाड्यापाड्यांत फिरलेल्या डॉक्टर-नर्सच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. त्यामुळे प्रार्थनेनंतर चहा पिताना कुणी म्हणालं, "ताई, इतकी वर्षं लोक आपल्यासाठी आले, आता आपली पाळी," की नाही म्हणवत नाही. मला केनियाचं आमंत्रण देणारा माणूस नेमकं तेवढंच बोलला. पैशांचा विषय त्याने त्या दिवशी काढलाच नाही.

पैसे नंतर निघाले, हप्त्याहप्त्याने. नोंदणीचे ५,०००. "प्रकल्पात सहभाग" ४०,०००. केनियात पेशंटला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो, हे खरं आहे, त्याचे १८,०००. जाण्यायेण्याचं तिकीट ६५,०००. व्हिसा ९,०००. यातला व्हिसा तर निव्वळ लूट. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच काढून टाकलाय. ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी मिळते, त्याची सरकारी फी ३० डॉलरच्या आसपास. सगळी रक्कम गेली एका बाईच्या बचत खात्यावर. ती त्याची बायको निघाली. पावत्या मात्र एका ट्रस्टच्या नावाच्या, आणि प्रत्येकीवर "ऐच्छिक देणगी" असं छापलेलं.

ती दोन शब्दांची ओळ फार विचार करून छापलेली आहे. तक्रार करायला गेलं की तो म्हणतो, देणगी कधी परत मागतात का? परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर त्याचं नाव सापडतं, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. "ही नोकरी नाही, सेवा आहे" एवढं म्हणून हा माणूस या सगळ्यातून बाहेर. नोकरी असती तर आपण पगार विचारला असता, करार मागितला असता. देवाच्या कामात कागद मागायची लाज वाटते, आणि त्याचा धंदा त्या लाजेवर चालतो.

त्याची एक युक्ती मात्र माझ्यापुढे चालली नाही. केनियाहून परत येताना यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड नसेल तर आपल्या विमानतळावर क्वारंटाइनमध्ये टाकतात. "लस कशाला, कार्ड मीच आणून देतो," म्हणाला. मी नर्स आहे हो! लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि सरकारमान्य केंद्राशिवाय ती मिळत नाही. सुरतमार्गे मुंबईला गेले, रांगेत उभी राहिले, टोचून घेतली. सोबतच्या दोघींनी त्याचंच कार्ड घेतलं, वर पैसेही मोजले.

केनियातल्या किसुमू शहराजवळच्या दवाखान्यातल्या इन्चार्ज सिस्टरने पहिल्याच सकाळी परवाना मागितला. माझ्याकडचा कागद तिने उलटसुलट केला, कौन्सिलला फोन लावला आणि तो परत माझ्या हातात दिला. असा परवाना निघालेलाच नव्हता. ईटीएच्या अर्जातही त्याने आमचं कारण "पर्यटन" लिहिलं होतं. म्हणजे मी एक सुई जरी टोचली असती तरी गुन्हा माझ्यावर. तिने मला सुईला हात लावू दिला नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पण तिने हाकललंही नाही. बाळांची वजनं करायची, नोंदी लिहायच्या, रांग लावायची, एवढं काम दिलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मलेरिया भयंकर. तापाने फणफणलेली पोरं घेऊन बाया पहाटेपासून बसलेल्या असत, अगदी आपल्या धडगावच्या बायांसारख्या. भाषा एकही कळायची नाही, तरी पोराचं वजन वाढलेलं दिसलं की आई माझ्याकडे बघून हसायची. दुपारी मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमा नावाची पालेभाजी. मक्याची भाकरी खाणाऱ्या माणसाला ती परकी लागत नाही. ते दिवस खोटे नव्हते. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, की खऱ्या कामाच्या आडोशाने हे चालतं.

शनिवारी आम्हाला "अनाथालयात" नेत. पोरं गाणी म्हणत, फोटो निघत, आणि शाळेच्या फीसाठी पुन्हा रोख मागत. सिस्टरनेच एकदा हळूच सांगितलं, यातल्या बऱ्याच पोरांच्या आया शेजारच्याच गावात आहेत. बालगृहांचा असा बाजार होतो म्हणून केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली होती. त्यानंतर मी तिथे गेले नाही.

परतीचं तिकीटही नव्हतंच. त्याने पाठवलेल्या पीडीएफवर पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक होता, पण ते फक्त पैसे न भरता होल्डवर ठेवलेलं बुकिंग, नंतर रद्द झालेलं. पीएनआर आणि आडनाव विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकलं की दोन मिनिटांत कळतं, जायच्या आधी आणि जायच्या दिवशी, दोन्ही वेळा बघा. माझ्या भावाने कोंबड्यांच्या खाद्याचे पैसे थांबवून तिकीट काढलं, तेव्हा मी घरी आले.

पोलिसांत अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पावतीवरचा नोंदणी क्रमांक दाखवला, तर तो भलत्याच ट्रस्टचा निघाला. ही चौकशी पैसे भरण्याआधीही करता येते. कोणी ऑनलाइन पैसे पाठवून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकलेली असते.

तो माणूस अजून मोकळा आहे. हल्ली युगांडाचं पत्रक फिरतंय. मोबाइल नंबर नवा आहे, ट्रस्टचं नाव नवं आहे, आणि फोटोत त्या बाळांची वजनं करणारी मी आहे.