जुनं, गाजतं की अगदी नवं? बाळाचं नाव ठरवताना

बाळासाठी नावं काढायला बसलं की दोन-चार दिवसांत यादी शंभरीला पोचते आणि मग आई-बाबा अडून बसतात. यादी नीट पाहिली तर त्यात तीनच तऱ्हा दिसतात: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावं, सध्या जिकडेतिकडे ऐकू येणारी आणि कुणीच न ऐकलेली. आधी तऱ्हा ठरवली की गुंता निम्मा सुटतो.

जुन्या नावाची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा अर्थ पारखून झालेला असतो. तारा म्हणजे चांदणी, समीर म्हणजे वारा, कुणाला विचारायला नको. समीर अरबीतही आहे. तिथे त्याचा अर्थ रात्रीच्या गप्पांचा सोबती. मूळ वेगळं, उच्चार जवळजवळ तोच आणि दोन्ही अर्थ सुरेख! असं नाव कुठल्याही देशात नेलं तरी परकं वाटत नाही. जुनाट वाटेल ही भीती मला फारशी पटत नाही, कारण नावं फिरून येतात. अमेरिकेत 1880 साली मुलींच्या नावांत एमा तिसरं होतं. 1970 च्या दशकात ते पार मागे पडलं आणि 2014 ते 2018 सलग पाच वर्षं पहिलं आलं.

गाजत्या नावाबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की वर्गात त्याच नावाची चार मुलं निघतील. पूर्वी हे खरं होतं. 1880 मध्ये अमेरिकेत दर शंभर मुलग्यांतल्या आठांचं नाव जॉन असायचं. आज तिथे पहिल्या क्रमांकावर असलेलं लियम शंभरात जेमतेम एकाला मिळतं. म्हणजे ‘पहिला क्रमांक’ एवढ्यानेच घाबरून जायचं कारण नाही. मात्र अशा याद्यांमध्ये प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्यामुळे एकाच उच्चाराची मुलं यादीत दिसतात त्याहून जास्त असू शकतात. गाजत्या नावाचा खरा धोका दुसराच आहे, त्याची लगाम आपल्या हातात नसते. अलेक्सा 2015 मध्ये अमेरिकेत मुलींच्या पहिल्या पन्नास नावांत होतं. घराघरातलं बोलकं यंत्र त्या नावाने हाक मारल्यावर उत्तर देऊ लागलं आणि काही वर्षांत ते पहिल्या तीनशेच्याही बाहेर गेलं. त्या मुलींचा यात काय दोष?

आता अर्थ. इथे मी सगळ्यात जास्त थांबेन, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘आरव’ घ्या. नावांच्या याद्यांत याचा अर्थ ‘शांत’ असा सर्रास छापलेला दिसतो. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, गलका. कलरव शब्दातला ‘रव’ तोच. शांत, निःशब्द तो ‘अरव’, ऱ्हस्व अ असलेला. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसू शकतात आणि बहुधा तिथेच घोटाळा झाला. नाव कानाला गोड आहे, आणि घर दणाणून सोडणाऱ्या बाळाला तर शोभूनही दिसतं! फक्त ‘शांत’ समजून ठेवू नका. ‘अनया’चंही तसंच. अनय हे राधेच्या पतीचं नाव म्हणून ओळखीचं आहे, पण कोशात अनय म्हणजे अनीती, आपत्ती. आवडत असेल तर जरूर ठेवा, पण माहीत असून ठेवा.

अगदी नव्या, घडवलेल्या नावांत हे आणखी जपावं लागतं. ‘रेयांश’चा अर्थ ‘किरणाचा अंश’ सांगतात. संस्कृतात किरणाला रश्मी, मयूख, अंशू असे कितीतरी शब्द आहेत, पण ‘रे’ हा किरण इंग्रजीतला. घडवलेलं नाव वाईट असतं असं अजिबात नाही. व्हेनेसा हे नाव ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चे लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी अठराव्या शतकात एका मैत्रिणीसाठी रचलं. तिच्या आडनावातलं ‘व्हॅन’ घेतलं आणि एस्थर या तिच्या नावाचं लाडकं रूप ‘एसा’ त्याला जोडलं. आज ते कुणाला बनावट वाटत नाही. नाव स्वतः घडवलंत तर मुलाला तसंच सांगा, त्याला खोटं प्राचीन मूळ चिकटवू नका.

माझा कौल विचाराल तर अर्थ महत्त्वाचा वाटत असेल त्यांनी जुनं घ्यावं. सतत स्पेलिंग सांगत बसायचा कंटाळा असेल तर गाजतं घ्यायला हरकत नाही. अगदी नवं नाव त्यांनीच घ्यावं, ज्यांची ते जन्मभर समजावून सांगायची तयारी आहे. खरं तर समजावत बसायचं काम मुलालाच करावं लागणार आहे, तेव्हा उच्चार तरी सोपा ठेवा.

दोन-तीन नावं उरली की प्रत्येक नाव आडनावासकट देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहून पाहा. नाव आणि आडनावाची आद्याक्षरं जोडून काही भलतंच तयार होत नाही ना, तेही बघा. मग दुसऱ्या खोलीतून मोठ्याने हाक मारा. लाडाने, रागाने, घाईघाईत. चारचौघांत त्या हाकेचं कोणतं लघुरूप होईल ते तेव्हाच कळतं, आणि पुष्कळदा तेच रूप जन्मभर चिकटतं.