वापरलेली इनोव्हा क्रिस्टा सात सीटर, दोन चाइल्ड सीट आणि आजी-आजोबा: नऊ महिन्यांचा अनुभव

आधी सीट कव्हरबद्दल लिहितो, कारण आज लिहायला बसण्याचं कारण तेच आहे. सातव्या महिन्यात बाळाच्या सीटचा आयसोफिक्सचा (चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खटक्याचा) हिरवा दर्शक एका बाजूला लाल दिसला. सीट हातानं हलवली तर चांगली दोन-तीन इंच सरकत होती. खटका नीट लागला नव्हता. आधीच्या मालकानं बसवलेल्या जाड रेक्झिन कव्हरचा फोम पाठ आणि बैठक यांच्या फटीत फुगून आला होता, आणि चाइल्ड सीटचा दांडा पूर्ण आत जायच्या आधीच त्या फोमवर टेकत होता. गाडीत दोष नव्हता आणि चाइल्ड सीटमध्येही नव्हता. दोष होता त्या कव्हरात.

गाडी 2018 ची, 2.4 डिझेल मॅन्युअल, दुसऱ्या रांगेत दोन कॅप्टन सीट (म्हणजे वेगवेगळ्या सुट्या सीट). नऊ महिन्यांत तेरा हजार किलोमीटर झाले. इंजिन, जागा, भारी स्टिअरिंग यांवर आजवर भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडून देतो. घरात सात माणसं आहेत: दोघं आईवडील, आजी-आजोबा, नऊ वर्षांचा एक, चार वर्षांची एक आणि एक वर्षाचं बाळ. अशा घराला सेकंड हँड गाडी कशी निवडावी आणि नंतर काय कळतं, एवढंच सांगतो.

आयसोफिक्स म्हणजे सीटच्या फटीत, सांगाड्याला वेल्ड केलेल्या साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या दोन सळया. दोघींच्या मध्यांत अंतर 280 मिलिमीटर. गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि फटीत दोन बोटं घालून दोन्ही सळया हाताला लागतात का ते तपासा. ब्रोशरवर किंवा विकणाऱ्याच्या "हो, आहे ना" यावर विसंबू नका, कारण व्हेरियंट आणि साल बदललं की गोष्टी बदलतात. कव्हर असेल तर बोटं आत जाणारच नाहीत, आणि नेमकी तिथेच पार्टी म्हणते, "नवीन कव्हर आहे, काढू नका." काढायला लावा. मागची दोरी आणि खालचे हूक सोडवायला एका सीटला दहा मिनिटं लागतात. टॉप टेदरचा, म्हणजे चाइल्ड सीट वरून मागे बांधायच्या पट्ट्याचा, हूक सीटच्या पाठीमागे असतो, तोही बऱ्याचदा कव्हराखाली गाडला गेलेला असतो. पुढे तोंड करून बसवायच्या बऱ्याच आयसोफिक्स सीटना टेदर लागतो. तो नसेल तर धडकेत मुलाचं डोकं कितीतरी जास्त पुढे जातं.

कव्हर ठेवायचंच असेल तर सळयांच्या जागी सरळ चीर द्यायची नाही. उसवलेला फोम पुन्हा फटीत येतो. त्या पट्ट्यातला फोम काढून कापडाची कड आत दुमडून शिवून घ्यायची. मी मात्र दुसऱ्या रांगेची दोन्ही कव्हरं कायमची काढून टाकली. ज्या गाड्यांत सीटच्या बाजूला एअरबॅग असते तिथे तर बाहेरून शिवलेलं कव्हर त्या एअरबॅगच्या वाटेतच येतं. ती सीट ओळखायला बाजूला छोटं शिवलेलं लेबल असतं, त्यावर कव्हर नकोच.

तसंच पायाखाली अंथरायचं ते जाड 7डी मॅट. मागे तोंड करून बसवायच्या बऱ्याच सीटना खाली आधाराचा पाय असतो. तो कडक फरशीवर टेकायला हवा. मऊ मॅटवर ठेवला की आज बरोबर वाटतो, आठवड्यात मॅट दबतं आणि पाय अधांतरी राहतो. पायाखालचा चौकोन कापून टाकला की प्रश्न मिटतो.

कव्हर काढण्याचा दुसरा फायदा खरेदीच्या वेळीच होतो: पुरात बुडालेली गाडी ओळखायला मदत होते. ऑगस्ट 2019 ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी भरलं, तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन बाजारात फिरत असणार. एमएच-08, 09 किंवा 10 पासिंग आहे म्हणून गाडी नाकारणं चूक आहे. हजारो गाड्यांना पाण्याचा थेंबही लागलेला नाही. बुडालेली गाडी दुसऱ्याच जिल्ह्यात विकायला उभी असते, त्यामुळे नंबरावरून काही कळत नाही. कळतं ते इथे: सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ किंवा वेगळा रंग दिसतो का बघा. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा. गालिचाचा कोपरा उचलून खालचा फोम नाकाजवळ न्या. बाहेरून कितीही वॅक्स मारलं तरी पट्ट्याच्या गुंडाळीत अडकलेला चिखल कुणी धूत नाही.

इनोव्हा आणि एर्टिगा घेताना दुसरी शंका टॅक्सीची. टॅक्सीचं टी परमिट रद्द करून खासगी केलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण किंमत खासगीची मागत असतील तर भाव पाडा. वाहन पोर्टलवर नोंदीचा वर्ग आणि जुना इतिहास बघा. प्रवासी टॅक्सीला वेगमर्यादक लागतो. तो काढला तरी त्याच्या वायरी आणि बसवायची जागा इंजिनाजवळ राहते. छतावर कॅरिअरची बुजवलेली भोकं, ब्रेकच्या पॅडलचं रबर, दुसऱ्या रांगेच्या दरवाजाच्या मुठी, हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त खरं बोलतात. ड्रायव्हरची सीट धड आणि मागच्या मुठी गुळगुळीत झिजलेल्या असतील तर ती गाडी घरच्या माणसांनी वापरलेली नाही. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय, म्हणजे एअरबॅग एकदा फुटलेली असू शकते. तिथून सरळ निघा.

आता बसण्याची मांडणी. इथे माझं मत मध्येच बदललं. घेताना वाटत होतं की आठ सीटरचं सलग बाक बरं, एक माणूस जास्त मावतो. दोन चाइल्ड सीट लागल्यावर हिशोब उलटा होतो. सलग बाकाच्या दोन्ही कडांना चाइल्ड सीट बसल्या की तिसऱ्या रांगेत जायचा रस्ताच बंद, कारण चाइल्ड सीट लावलेली सीट पुढे पडत नाही. मधल्या जागेत उरतो एक वीतभर पट्टा, तिथे मोठा माणूस मावत नाही. गाडी कागदावर आठ सीटर, वापरायला चार सीटर. कॅप्टन सीटच्या मधून निदान मुलं तरी मागे जातात.

तरीही पहिले दोन महिने चूक केली होती. आयसोफिक्स दुसऱ्या रांगेत आहे म्हणून बाळ आणि चार वर्षांची, दोघांच्या सीट तिथेच लावल्या. आजी-आजोबांना मागे जावं लागायचं, आणि त्या मधल्या फटीतून गुडघेदुखीचा माणूस जाऊ शकत नाही. ही मांडणी मोडली. आता बाळ उजव्या कॅप्टन सीटवर, मागे तोंड करून. डाव्या कॅप्टन सीटवर आजी. पुढे आजोबा. तिसऱ्या रांगेत चार वर्षांची पट्ट्यानं बांधलेल्या सीटवर, नऊ वर्षांचा बूस्टरवर (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर) आणि त्यांच्याबरोबर आई. डाव्या सीटवर चाइल्ड सीट नसल्यानं ती पुढे पाडता येते आणि सगळे फुटपाथच्या बाजूनं चढतात. फक्त बाळाला रस्त्याच्या बाजूनं ठेवावं लागतं. ते काम एकाच मोठ्या माणसाचं, तेही गाडी पूर्ण कडेला लावल्यावर. मुलं आणि म्हातारी माणसं रस्त्याकडून उतरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मागे तोंड केलेली सीट ड्रायव्हरच्या मागे येते, त्यामुळे उंच माणसाला गाडी चालवताना अडचण होते. क्रिस्टाची कॅप्टन सीट मागेपुढे सरकते, म्हणून निभावतं. ड्रायव्हर आणि तिसरी रांग, दोघांनाही चालेल अशी जागा एकदा शोधली आणि रुळाशेजारी पांढऱ्या टेपची खूण केली. धुलाईवाला दर वेळी सीट सरकवून ठेवतो, खुणेमुळे पुन्हा शोधत बसावं लागत नाही. सीटचा कोन दाखवणारी रेघ किंवा बुडबुडा मात्र दर वेळी बघायचा, तोही सपाट जागेवर.

तिसऱ्या रांगेत पट्ट्यानं सीट बांधताना एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अमेरिकेहून येताना नातेवाईक जी सीट आणतात ती तिथल्या पट्ट्यासाठी केलेली असते. तिथला मागचा पट्टा पूर्ण ओढून सोडला की कुलूप लागून राहतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो फक्त झटक्याला अडकतो, एरवी सैल होतो. म्हणून सीटला स्वतःचा पट्टा-खटका नसेल तर ती इथे घट्ट बसत नाही. एआयएस-072, ईसीई आर44/04 किंवा आर129 असं सुरक्षा मानकाचं लेबल असलेली सीट घ्या. नारिंगी लेबलावर वजनाचा किंवा उंचीचा पल्ला लिहिलेला असतो. आर129 मध्ये 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही. बांधताना गुडघा सीटमध्ये रोवून पूर्ण वजन द्या आणि मग पट्टा ओढा. जिथून पट्टा जातो त्या जागी धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. बूस्टर फक्त खांद्यावरून येणारा पट्टा असलेल्या जागी. मधल्या जागेचा पट्टा नुसता कमरेचा असेल तर तिथे मुलाला बूस्टर देऊ नका. वापरलेली गाडी ठीक आहे, वापरलेली चाइल्ड सीट अनोळखी माणसाकडून घेऊ नका. ती कुठे आपटली होती हे बाहेरून दिसत नाही. पैसे वाचवायला मलाही आवडतं, पण इथे नाही.

बाकी पर्यायांचं थोडक्यात. एर्टिगा 2018 नंतरची स्वस्त, किफायती, आणि दोन मुलांच्या घराला पुरते. पण सलग बाक आहे, म्हणून वरचा हिशोब लागू. सीएनजी घेतली तर सिलिंडरमुळे डिकीत बाबागाडी मावत नाही. तिच्याच घडणीची सहा सीटर एक्सएल6 कॅप्टन सीटसह 2019 पासून मिळते; सहा माणसांच्या घरानं तिचाच विचार करावा. कॅरेन्स 2022 पासूनची, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना, म्हणून वापरलेल्या बाजारात मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. फक्त सहा सीटरच बघा. 2020 च्या कार्निव्हलला सरकते दरवाजे आहेत, आणि अरुंद पार्किंगमध्ये बाळाला बसवताना त्यांची किंमत कळते. पण लांबी 5,115 मिलिमीटर. सोसायटीतली जागा टेपनं मोजल्याशिवाय टोकन देऊ नका.

सर्व्हिसबद्दल. अधिकृत सर्व्हिस सेंटरनं जुना इतिहास द्यायला तीन चकरा मारायला लावल्या. शेवटी आधीचा मालक आरसीची प्रत घेऊन सोबत आला तेव्हा पाच मिनिटांत छापून मिळाला. तेव्हा टोकन द्यायच्या आधीच मालकाला सोबत न्या. पहिल्या बिलात त्यांनी न विचारता "इंजेक्टर क्लीनिंग" आणि "एसी ट्रीटमेंट" लावलं होतं. जॉब कार्डावर सही नव्हती म्हणून ते कमी करून घेतलं. जॉब कार्डवर काम लिहून झाल्यावर खाली आडवी रेघ मारून सही करा. मागच्या एसीची तपासणी खरेदीच्या दिवशीच करा: गाडी उन्हात उभी, इंजिन चालू, मागचा ब्लोअर पूर्ण, आणि दहा मिनिटं तिसऱ्या रांगेत बसा. आमच्याकडे मागच्या ब्लोअरच्या वाटेत केर साचला होता, साफ केल्यावर फरक पडला. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी इतका जुना टायर सात माणसं भरून घाटात नेऊ नये. मायलेज सरासरी शहरात लिटरला दहा-अकरा किलोमीटर, महामार्गावर चौदा.

कागदपत्रं: मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, दुसऱ्या आरटीओत न्यायची असेल तर फॉर्म 28. थकीत ई-चलान आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तुमच्याकडे येत नाही. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का बघा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 194बी: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा योग्य चाइल्ड सीटविना बसवलं तर 1,000 रुपये दंड.

कव्हर काढल्यावर मूळ कापडावर दुधाचे डाग पडतात, त्यावर उपाय एवढाच सापडला: चाइल्ड सीटखाली एक पातळ सुती पंचा, तोही सीटच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तर. जाड टॉवेल किंवा रबरी चटई नको, ती पुन्हा फोमसारखीच दबते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही दर्शक हिरवे आहेत का आणि आधाराचा पाय टेकलाय का ते बघतो, आणि पंचा धुवायला टाकतो.